कॉम-वन कुठे गेला?

पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर, पंचवीस-तीस वर्षं सहज चालतो. त्याच्याशी बोलणारा संगणक सहा-सात वर्षांत थकतो. कारखान्याच्या मेंटेनन्स विभागाला होणारा बराचसा मनस्ताप या विजोड जोडीतून येतो. पीएलसीला हार्डडिस्क नसते, बहुतेकांना पंखाही नसतो आणि आउटपुटचे रिले सोडले तर हलणारा भाग नसतो. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर आणि मेमरीची बॅटरी वेळेवर बदलली, तर तो तक्रार न करता चालत राहतो. म्हणूनच भोसरी-चिंचवडच्या मशीन शॉपमध्ये किंवा कोल्हापूर-सांगलीकडच्या साखर कारखान्यांत १९९० च्या दशकातला कंट्रोलर आजही कामावर दिसला, तर कुणाला आश्चर्य वाटत नाही.

मग एके दिवशी संगणक बंद पडतो. नवा आणला जातो. जुनी राखाडी केबल हातात घेऊन माणूस त्याच्या चारही बाजू पाहतो, तर नऊ पिनांचा सिरिअल पोर्टच नाही. कॉम-वन गायब.

केबल किंवा कन्व्हर्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळून जातो. तो या कामातला सोपा भाग. अवघड गोष्ट ही, की जुना संगणक आणि पीएलसी यांच्यात कोणत्या वेगाने बोलायचं, किती वेळ थांबायचं, कोणता आकडा कुठे ठेवायचा हे सगळं कधीतरी ठरलेलं असतं आणि ते बहुधा कागदावर नसतं. ते ठरवणारा इंजिनिअर नोकरी सोडून गेलेला असतो. माहिती उरलेली असते ती जुन्या संगणकाच्या डिस्कवर, म्हणजे नेमकी आपण भंगारात काढायला निघालेल्या वस्तूत.

ही जोडी अशी विजोड का झाली ते समजायला थोडं मागे जावं लागतं. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेंच्या पॅनेलला पर्याय मागितला. गाडीचं मॉडेल बदललं की भिंतभर पॅनेलांचं वायरिंग उपसून नव्याने करावं लागे, त्याला लोक कंटाळले होते. डिक मॉर्ले यांच्या बेडफर्ड असोसिएट्सने जो कंट्रोलर दिला त्याचं नाव ०८४, कारण तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता. त्यातून मोडिकॉन ही कंपनी उभी राहिली. याच मोडिकॉनने १९७९ साली मोडबस हा संवादाचा नियम आणला. सीमेन्सची एस-५ ही मालिकाही त्याच वर्षीची. आयबीएमचा पीसी बाजारात आला १९८१ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे पीएलसीच्या बोलण्याच्या रीती ठरल्या तेव्हा आपण ज्याला पीसी म्हणतो ते यंत्र जन्माला यायचं होतं. त्यामुळे प्रत्येक कंपनीने आपल्याला सोयीचं ते केलं आणि आपापल्या प्रोग्रामिंग यंत्राला साजेसा पोर्ट दिला.

त्याचे परिणाम आजही पॅनेलसमोर उभं राहिल्यावर दिसतात. पोर्ट नऊ पिनांचा आहे म्हणून तो पीसीच्या पोर्टसारखा आरएस-२३२ असेल, असं धरून चालणं सगळ्यात महाग पडतं. सीमेन्सच्या एस-७-२०० वर नऊ पिनांचाच पोर्ट आहे, पण आत आरएस-४८५ आहे. एस-५ ला पंधरा पिनांचा पोर्ट असतो आणि त्यातून व्होल्टेजची नव्हे तर २० मिलिअँपिअर करंटची भाषा चालते: करंट वाहतोय म्हणजे एक, थांबला म्हणजे शून्य. हा करंट कोणी पुरवायचा, पीएलसीने की समोरच्याने, हेही केबल निवडताना पाहावं लागतं. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेत आठ पिनांचा छोटा गोल सॉकेट आहे, दिसायला जुन्या माऊसच्या सॉकेटसारखा, पण तिथे आरएस-४२२ आहे.

आरएस-२३२ मध्ये एक वायर जमिनीच्या म्हणजे ग्राऊंडच्या तुलनेत उणे ३ ते उणे १५ व्होल्टवर असली की ‘एक’, अधिक ३ ते अधिक १५ वर असली की ‘शून्य’. अंतर थोडं, जोडणी दोघांपुरतीच. आरएस-४८५ मध्ये दोन वायरींमधला फरक मोजतात, त्यामुळे दोन्हींवर सारखाच चढलेला गोंगाट आपोआप वजा होतो. मंद वेगाला केबल १२०० मीटरपर्यंत नेता येते आणि एका जोडीवर ३२ प्रमाणित उपकरणं बसतात. मोटारी, वेल्डिंग आणि ड्राइव्हच्या गर्दीत आरएस-४८५ टिकलं ते यामुळे.

ग्राऊंडबद्दल इथेच सांगितलं पाहिजे, कारण पोर्ट जळण्याचं ते नेहमीचं कारण आहे. लॅपटॉपचा चार्जर एका सॉकेटमध्ये, पॅनेलची अर्थिंग दुसरीकडे, आणि दोन्हींच्या ग्राऊंडमध्ये काही व्होल्टचा फरक. केबल जोडली की हा फरक केबलमधून वाट काढतो. बऱ्याच लहान पीएलसींचा पोर्ट आतून विलग केलेला नसतो. म्हणून जुने जाणते लोक चार्जर काढून, लॅपटॉप बॅटरीवर ठेवून मगच केबल लावतात. कायमची जोडणी करायची असेल तर आयसोलेटेड कन्व्हर्टरच घ्यावा. त्याला जास्त मोजलेले पैसे पहिल्याच पावसाळ्यात वसूल होतात, असं माझं मत आहे.

केबल बरोबर लागली तरी संवाद लगेच सुरू होत नाही. दोन्हीकडचा वेग, बिटांची संख्या, पॅरिटी आणि स्टॉप बिट तंतोतंत जुळावे लागतात. एफएक्सला ९६००, सात बिट, ईव्हन पॅरिटी, एक स्टॉप बिट लागतो. ओम्रॉनच्या होस्ट लिंकला मूळ सेटिंगमध्ये सात बिट, ईव्हन आणि दोन स्टॉप बिट. एस-५ ला आठ बिट आणि ईव्हन. नव्या संगणकातला पोर्ट मात्र आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट असं गृहीत धरून बसलेला असतो. ‘कम्युनिकेशन येत नाही’ अशी हाक येते तेव्हा पहिल्यांदा इथे पाहावं. यातली चूक दुरुस्त करायला पैसा लागत नाही.

आता यूएसबी कन्व्हर्टर. इथे प्रकरण रंगतं.

यूएसबी १९९६ सालची. तिचा हेतूच जुन्या पोर्टांची गर्दी हटवणं हा होता आणि तो तिने पुरा केला. पण जुना सिरिअल पोर्ट संगणकाच्या अगदी आत, एका ठराविक पत्त्यावर बसलेला असे; एक अक्षर आलं की प्रोसेसरला तत्काळ ठेच लागायची. यूएसबीत तसं नाही. तिथे कन्व्हर्टरमधली चिप आलेली अक्षरं साठवते आणि पुडी बांधून पाठवते. एफटीडीआय या कंपनीच्या प्रसिद्ध चिपचं वागणं आपल्याकडच्या वडाप जीपसारखं आहे: सीटा भरल्या की निघायचं, नाहीतर ठरलेली वेळ झाली की निघायचं. तिच्या सीटा ६२, आणि ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये मुळात ठेवलेली वेळ १६ मिलिसेकंद.

सोळा मिलिसेकंद म्हणजे माणसाला काहीच नाही. मोडबसच्या दृष्टीने मात्र तो मोठा काळ आहे. मोडबसच्या आरटीयू या सिरिअल प्रकारात निरोप कुठे संपला हे सांगणारं चिन्ह नाही. साडेतीन अक्षरांच्या वेळेइतकी शांतता झाली की निरोप संपला असं समजायचं. ९६०० च्या वेगाला एक अक्षर म्हणजे अकरा बिट धरले तर ही शांतता साधारण ४ मिलिसेकंद भरते. आता पीएलसीने व्यवस्थित अंतर ठेवून पाठवलेली अक्षरं चिपने एकत्र गोळा करून दिली, तर खरी शांतता पुसली जाते आणि नको तिथे खोटी शांतता तयार होते. शांतता मोजणारं जुनं सॉफ्टवेअर गोंधळतं, निरोप अर्धवट समजून टाकून देतं. संवाद चालतो, तुटतो, परत चालतो. असा अधूनमधून येणारा दोष पूर्ण बंद पडण्यापेक्षा वाईट, कारण तो तपासायला माणूस येईपर्यंत सगळं ठीक चाललेलं असतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन ‘लेटन्सी टायमर’ १६ वरून १ वर आणला, की यातले कित्येक आजार जागच्या जागी बरे होतात.

सगळे नाही. ॲलन-ब्रॅडलीच्या एसएलसी ५०० या लोकप्रिय मालिकेसाठी १७४७-पीआयसी नावाचा कन्व्हर्टर असे. त्यात डीएच-४८५ या नेटवर्कवर बोलायची पाळी कधी आपली आणि कधी दुसऱ्याची, याचा हिशेब संगणकाच्याच प्रोसेसरला ठेवावा लागे. डॉस आणि विंडोज ९५ च्या जमान्यात ते निभावलं. नव्या विंडोजवर आणि यूएसबीच्या मागून ते निभत नाही, टायमर कितीही कमी करा. तिथे कंपनीचा यूएसबीचा वेगळा कन्व्हर्टर, १७४७-यूआयसी, घेण्याला पर्याय नव्हता. आधी आपल्या पीएलसीचा पोर्ट नेमका कोणता ते पाहावं हेही खरं, कारण त्याच मालिकेतल्या ५/०३ पासून पुढच्या प्रोसेसरवर साधा आरएस-२३२ पोर्ट दिलेला आहे आणि कित्येक ठिकाणी तो कुणी वापरलेलाच नसतो.

ॲलन-ब्रॅडलीचाच पीएलसी-५ वापरणाऱ्यांची वेगळी कथा. त्यांची डेटा हायवे प्लस ही निळ्या केबलची ओळ ५७,६०० च्या वेगाने चालते आणि तिच्यासाठी संगणकात १७८४-केटी हे आयएसए कार्ड बसवलेलं असे. आयएसए स्लॉट मदरबोर्डावरून गेले, म्हणजे कार्डच निरुपयोगी. त्यानंतर पीसीआय कार्ड, लॅपटॉपसाठी पीसीएमसीआयए कार्ड आणि शेवटी यूएसबी केबल अशा पिढ्या आल्या. जाता जाता एक गंमत. या नेटवर्कवरचे पत्ते अष्टमान पद्धतीत लिहितात, शून्यापासून ७७ पर्यंत. त्यात ८ आणि ९ हे अंकच नाहीत. नवीन पोरगा आठ नंबरचं स्टेशन शोधत बसतो आणि ते असतं १० या नावाने.

स्वस्त कन्व्हर्टरचं एक प्रकरण तर गाजलेलं आहे. बाजारात एफटीडीआयच्या नकली चिपांचा सुळसुळाट झाला, तेव्हा २०१४ साली विंडोज अपडेटमधून आलेल्या त्या कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिप ओळखून तिचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला. काल चालणारी केबल आज संगणकाला दिसेना. आरडाओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. प्रोलिफिक या दुसऱ्या चिप कंपनीच्या नव्या ड्रायव्हरनेही जुन्या आणि नकली चिपांना दार बंद केलं. तिथे ‘कोड १०’ अशी चूक दिसते. नक्कल वाईटच, पण रात्रपाळीला लाइन बंद पडलेल्या माणसाला आपल्या केबलमध्ये कोणाची चिप आहे हे माहीत असण्याचं कारण नसतं. म्हणून कारखान्यात कन्व्हर्टर एक चांगल्यातला घ्यावा, आणखी एक तसाच कपाटात ठेवावा, आणि चाललेल्या ड्रायव्हरची फाइल जपून ठेवावी.

कन्व्हर्टर जमला की सॉफ्टवेअर अडतं. विंडोज नव्या पोर्टला खुशाल कॉम-१७ नाव देतं, आणि जुना प्रोग्राम कॉम-१ ते कॉम-४ पलीकडे पाहतच नाही. नंबर हाताने बदलता येतो, तो बदलावा. डॉसवर चालणारं सॉफ्टवेअर विंडोजला न विचारता थेट पोर्टच्या पत्त्यावर लिहितं. ६४ बिट विंडोजवर १६ बिटांचे प्रोग्राम मुळी उघडतच नाहीत. यावर सगळ्यात शहाणा उपाय म्हणजे नव्या संगणकात आभासी संगणक उभा करून त्यात जुनं विंडोज जसंच्या तसं ठेवणं आणि सिरिअल पोर्ट त्याच्या हवाली करणं. हा आभासी संगणक म्हणजे शेवटी एक मोठी फाइल. तिची प्रत काढता येते, ती दुसऱ्या लॅपटॉपवर नेता येते. जुन्या डब्यापेक्षा हे कितीतरी बरं.

परवाना मात्र असा सहज हलत नाही. त्या काळी सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली फ्लॉपीवर येई आणि ती हार्डडिस्कवर हलवली जाई. नक्कल होत नसे. जुन्या संगणकाची डिस्क कुणी उत्साहाने फॉरमॅट केली की हजारो रुपयांची किल्ली गेली. डिस्क तशीच जपली पाहिजे याचं हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण पुढे आहे.

पीएलसीतून प्रोग्राम वर ओढून घेता येतो, हे खरं आहे. त्यामुळे पुष्कळांचा समज असा असतो, की संगणक मेला तरी बिघडत नाही, प्रोग्राम पीएलसीत सुरक्षित आहे. पण एस-५ किंवा एसएलसीसारख्या जुन्या कंट्रोलरमध्ये प्रोग्रामचा फक्त सांगाडा असतो. ‘हा संपर्क म्हणजे बॉयलर ड्रमची पातळी कमी’, ‘हा टायमर कन्व्हेअर नंबर दोनसाठी’ अशी नावं आणि टिपा पीएलसीत जातच नाहीत, त्या संगणकावरच्या फाइलमध्ये राहतात. ती फाइल हरवली की हाती उरतात शेकडो ओळी नुसत्या पत्त्यांच्या. कोणत्या पत्त्याला कोणती वायर येते हे ड्रॉइंग घेऊन, पॅनेलमध्ये फेरूल वाचत, एकेक करून शोधावं लागतं. ड्रॉइंग शाबूत असेल तर काही आठवडे; नसेल तर देवच जाणे.

म्हणून क्रम असा हवा. जुना संगणक अजून चालू असेल तर तो बंद करण्याआधीच फाइली बाहेर काढा, कारण वर्षानुवर्षं फिरत असलेली डिस्क एकदा थांबली की परत फिरेलच असं नाही. मग पूर्ण डिस्कची प्रतिमा घ्या. त्यानंतर पीएलसीतला चालू प्रोग्राम वर घ्या आणि फाइलशी ताडून पाहा. वर्षभरापूर्वी कोणी रात्री टायमर बदलला आणि फाइल जतन केली नाही, असं हमखास निघतं. पीएलसीची बॅटरी शेवटची कधी बदलली ते पाहा, आणि बदलायची असेल तर त्या मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणे, सहसा पुरवठा चालू ठेवून. पुरवठा बंद करून बॅटरी काढणाऱ्याने मेमरीसकट प्रोग्राम घालवल्याच्या कहाण्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीत ऐकायला मिळतात. आणि सॉफ्टवेअरमधली ‘अपलोड’ व ‘डाऊनलोड’ ही दोन बटणं दाबण्याआधी थांबा. इथे डाऊनलोड म्हणजे संगणकाकडून पीएलसीकडे. मोबाइलच्या सवयीने ‘प्रोग्राम डाऊनलोड करून घेतो’ म्हणत कोऱ्या प्रोजेक्टवर ते बटण दाबणारा माणूस चालू मशीनचा प्रोग्राम पुसू शकतो.

सगळं जुळून पडद्यावर आकडे दिसायला लागले तरी ते खरे आहेत का, हे पाहावं लागतं. मोडबसच्या पुस्तिकेत ४०१०८ लिहिलेला रजिस्टर तारेवर १०७ म्हणून मागायचा असतो. काही सॉफ्टवेअर हा एकाचा फरक स्वतः सांभाळतं, काही नाही. चुकलं तर शेजारचा आकडा येतो आणि तो खरा वाटण्याइतपत जवळचा असला तर महिनाभर कळत नाही. अपूर्णांकांचं आणखी वेगळं. ३२ बिटांचा अपूर्णांक दोन रजिस्टरांत विभागून ठेवतात, पण आधी कोणता अर्धा ठेवायचा हे मोडबसने ठरवलेलंच नाही. अर्धे उलटे लागले की १०० अंशांचं तापमान इतका सूक्ष्म आकडा होतं, की पडद्यावर ०.०० दिसतं. सेन्सर तुटला समजून लोक सेन्सर बदलतात. जुन्या संगणकात हा अदलाबदलीचा नियम कुठल्याशा खिडकीत एका टिकने नोंदलेला असतो. तो संगणक चालू असताना प्रत्येक खिडकीचे फोटो काढून ठेवावेत, ते यासाठीच. किंवा त्याच्या केबलवर दुसरा कन्व्हर्टर फक्त ऐकण्यासाठी जोडून, दोघं काय बोलतात ते नोंदवून घ्यावं.

मोठ्या कारखान्यांत पीएलसी आणि स्काडा, म्हणजे मशीनवर पडद्यावरून देखरेख करणारं सॉफ्टवेअर, यांच्यामध्ये ओपीसी नावाचा दुभाषी असतो. १९९६ ची ही पद्धत मायक्रोसॉफ्टच्या डीकॉम या यंत्रणेवर उभी होती. डीकॉममधली सुरक्षेची त्रुटी बुजवायला मायक्रोसॉफ्टने २०२१ पासून टप्प्याटप्प्याने नियम कडक केले आणि मार्च २०२३ मध्ये ते शिथिल करायचा मार्गही काढून टाकला. एका संगणकावरचा ओपीसी सर्व्हर आणि दुसऱ्यावरचा स्काडा अशी जुनी रचना जिथे होती, तिथे अपडेट आल्यावर संवाद थांबला. वायर तीच, पीएलसी तोच.

यूएसबी कन्व्हर्टरची कटकट टाळायला बरेच जण सिरिअल सर्व्हर नावाची डबी बसवतात. तिच्या एका बाजूला जुना सिरिअल पोर्ट, दुसऱ्या बाजूला इथरनेट. उपाय उत्तम आहे, पण तो करताना काय बदललं हे ध्यानात घ्यावं. मोडबसला पासवर्ड नाही. ‘हा वॉल्व्ह उघड’ असा निरोप योग्य पत्त्यावर आला की पीएलसी वॉल्व्ह उघडतो; विचारणारा कोण, हे तो पाहत नाही. दहा फुटी केबल होती तोवर त्या केबलपर्यंत पोहोचणं हेच कुलूप होतं. नेटवर्कवर ते कुलूप राहत नाही.

२३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमधल्या वीज वितरण कंपन्यांवर हल्ला झाला तेव्हा सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. हल्लेखोरांनी नियंत्रण कक्षातल्या संगणकांतून सबस्टेशनचे ब्रेकर उघडले, आणि मग आणखी एक गोष्ट केली: सबस्टेशनमधल्या सिरिअल-इथरनेट डब्यांचं अंतर्गत सॉफ्टवेअर बिघडवून टाकलं. त्यामुळे वीज परत आणण्यासाठी दुरून आज्ञा देणं शक्य राहिलं नाही. माणसं गाड्या घेऊन सबस्टेशनवर गेली आणि हाताने ब्रेकर लावले. तिथली उपकरणं जुन्या पद्धतीची, हाताने चालवता येणारी होती, म्हणून काही तासांत वीज आली.

आत आणलेल्या नव्या यंत्रातूनही धोका येतो. ऑगस्ट २०१८ मध्ये तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीत एक नवं यंत्र विषाणू न तपासता नेटवर्कला जोडलं गेलं आणि वॉनाक्राय या विषाणूच्या एका प्रकाराने उत्पादन ठप्प केलं. जिथे इतकी शिस्त, तिथे हे झालं. नवा संगणक पीएलसीच्या नेटवर्कला जोडण्याआधी तपासावा, ऑफिसचं नेटवर्क आणि मशीनचं नेटवर्क वेगळं ठेवावं आणि मधल्या डबीचा कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

मग एवढं सगळं करण्यापेक्षा पीएलसीच का बदलू नये? विक्रेता तर हेच सांगतो. कधी तो बरोबरही असतो: सुटे भाग फक्त जुन्या बाजारातून मिळत असतील, एकच कार्ड शिल्लक असेल, तर बदलाच. पण संगणक मेला म्हणून घाईने पीएलसी बदलणं मला पटत नाही, कारण टिपा असलेली फाइल नसेल तर नवा प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही मशीन कशी चालते हे शोधूनच काढावं लागणार. ते काम दोन्हीकडे टळत नाही. ते आधी, शांतपणे, जुना पीएलसी चालू असताना करणं स्वस्त पडतं. मग वायरिंग न सोडता बदल करण्याचे मार्गही सापडतात. पीएलसी-५ च्या वायरी लावलेली टर्मिनलची पट्टी जशीच्या तशी नव्या मॉड्यूलवर बसवणारे ॲडॉप्टर कंपनीनेच काढलेले आहेत.

साखर कारखान्यात हे सगळं कधी करायचं हे ऊस ठरवतो. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतं, त्या काळात पॅनेलला हात लावायचा नाही. नवा संगणक उन्हाळ्यात बसवावा, पावसाळ्यात ट्रायल घ्यावी, आणि पहिल्या हंगामात जुना संगणक त्याच्या केबलीसह शेजारच्या कपाटात ठेवावा. स्टोअरवाले भंगाराच्या यादीसाठी विचारतील. त्यांना हंगाम संपल्यावर या म्हणून सांगावं.